सम हलत राहते तेव्हा

३ मे १९६९. लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआय कंपनीचा स्टुडिओ. सॉफ्ट मशीन या बँडचे तिघे वादक हेडफोन लावून बसलेत. ड्रमवर रॉबर्ट वायट, कीबोर्डवर माइक रॅटलेज, बासवर ह्यू हॉपर. फितीवर एका माणसाचं गाणं आणि त्याचीच गिटार तीन आठवड्यांपूर्वी मुद्रित झालेली आहे. तिच्यावर या तिघांनी आपापलं वाद्य चढवायचं आहे. तो माणूस, सिड बॅरेट, तिथेच उभा आहे. गाणं कोणत्या पट्टीत आहे, असं वायटने त्याला विचारलं. सिडने नुसतं ‘हो’ म्हटलं.

वायट काही कच्चा वादक नव्हता. विषम मात्रांचं, जॅझकडे झुकणारं संगीत हा तर सॉफ्ट मशीनचा रोजचा व्यवहार होता. पण इथे त्यांनाही पाय रोवता येईना. एका ओळीला जेवढ्या मात्रा, तेवढ्याच पुढच्या ओळीला असतील याची खात्री नाही. शब्द संपेपर्यंत कॉर्ड टिकायचा आणि शब्द संपला की बदलायचा, मग आवर्तन पुरं झालेलं असो वा नसो. हा सराव चाललाय, खरं रेकॉर्डिंग नंतर होईल, अशीच त्या वेळी वायटची समजूत होती. अल्बमवर गेलं ते त्या दिवशी वाजवलेलंच.

‘द मॅडकॅप लाफ्स’ हा सिड बॅरेटचा पहिला एकट्याचा अल्बम. ३ जानेवारी १९७० रोजी तो बाजारात आला, म्हणजे त्याला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. त्याच्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा सिडचं मन, सिडचा आजार, एलएसडी, हरवलेला देखणा तरुण हेच येतं. ते खोटं नाही. पण तो अल्बम कोणीतरी बसून मुद्रित केला. कोणीतरी स्टुडिओची वेळ मागून घेतली, कोणीतरी फिती लावल्या, कोणीतरी दिवसभराच्या कामानंतर रात्री बारापर्यंत काचेमागे बसून वाट पाहिली. त्या कामाची हकिकत आपल्याला कळते याचं मुख्य कारण माल्कम जोन्स. आपल्या वाट्याच्या कामाचा तपशील त्याने पुढे एका छोट्या पुस्तकात तारीखवार लिहून ठेवला. कोणत्या दिवशी कोणतं गाणं झालं, कोणी काय वाजवलं, काय जमलं आणि काय फसलं. संगीताच्या इतिहासात असे प्रामाणिक कामगारवजा कागद फार थोडे आहेत.

आधीची गोष्ट थोडक्यात सांगावी लागेल. रॉजर कीथ बॅरेट हा केंब्रिजचा मुलगा, जन्म ६ जानेवारी १९४६. पिंक फ्लॉइड हे नाव त्याने दिलं. १९६७मध्ये गाजलेली ‘आर्नल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’ ही गाणी त्याची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ या पहिल्या अल्बमचा बहुतांश भागही त्याचाच. मग काही महिन्यांतच तो मैफलीत एकच सूर छेडत उभा राहू लागला, कधी काहीच वाजवेना. मदतीला म्हणून केंब्रिजचाच डेव्हिड गिलमोर बँडमध्ये घेतला गेला. जानेवारी १९६८मध्ये एका कार्यक्रमाला जाताना बाकीच्यांनी सिडला घ्यायला गाडी वळवलीच नाही. एप्रिलमध्ये तो बँडमधून बाहेर पडल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

बँडचा व्यवस्थापक पीटर जेनर सिडच्या बाजूने राहिला. पिंक फ्लॉइडसारखा बँड हातचा सोडून तो या एका माणसाबरोबर गेला, आणि मे १९६८पासून त्याला स्टुडिओत बसवू लागला. हाती फार थोडं लागलं. काही अर्धवट गाणी, ‘रमादान’ नावाचा वीसेक मिनिटं चालणारा वाद्यांचा गोंधळ, आणि ‘लेट नाइट’ या गाण्याची साथ. जुलैनंतर काम थांबलं. फिती कपाटात गेल्या.

१९६९च्या वसंतात सिडने आपण होऊन ईएमआयशी संपर्क साधला. पुन्हा रेकॉर्डिंग करायचंय, जमेल का? निरोप फिरत फिरत जोन्सच्या टेबलावर आला. जोन्स कंपनीतला तरुण अधिकारी. नव्या धाटणीच्या रॉकसाठी ईएमआयने ‘हार्वेस्ट’ हे लेबल काढलं, त्याची जबाबदारी त्याच्यावर होती. जेनर पुन्हा त्या कामात पडायला तयार नव्हता आणि फ्लॉइडचा निर्माता नॉर्मन स्मिथही नाही म्हणाला. मग जोन्सने ते स्वतःच करायचं ठरवलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सिडबद्दलच्या गोष्टी तोवर सगळ्यांच्या कानावर होत्या. कंपनीतल्या माणसाला हात झटकायला सबबी भरपूर होत्या. जोन्सने त्यातली एकही वापरली नाही.

१० एप्रिलला पहिली बैठक झाली आणि जुन्या फितींवर थोडी डागडुजी झाली. दुसऱ्याच दिवशी, ११ एप्रिलला, सिड उत्तम तब्येतीत आला. त्या एका संध्याकाळी ‘ओपल’, ‘लव्ह यू’, ‘नो गुड ट्रायिंग’, ‘टेरापिन’ ही गाणी फितीवर उतरली, आणि ‘लेट नाइट’च्या वर्षभर पडून राहिलेल्या साथीवर आवाजही चढला. जोन्सच्या लिखाणातला या दिवसाचा भाग वाचताना त्याचा उत्साह जाणवतो. ज्या माणसाकडून काही होणार नाही असं सगळे म्हणत होते, तो एकामागून एक गाणी देत होता, आणि जोन्सचं काम एवढंच होतं की फीत फिरत ठेवायची आणि मध्ये बोलायचं नाही.

‘टेरापिन’ ऐकावं. गिटारचा संथ हेलकावा, आणि झोपेतून नुकताच उठल्यासारखा आवाज. सायकेडेलिक म्हटलं की रंगीत दिवे, प्रतिध्वनी, सतार असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे त्यातलं काहीच नाही. विचित्रपणा आहे तो गाण्याच्या हाडामांसात.

१७ एप्रिलला जोन्सने दोन साथीदार दिले. हंबल पाय या बँडचा जेरी शर्ली ड्रमवर आणि विली विल्सन बासवर. विल्सन मुळात ड्रमर. गिलमोरच्या जुन्या बँडमध्ये तो ड्रमच वाजवायचा. ‘नो मॅन्स लँड’ आणि ‘हिअर आय गो’ ही दोन गाणी त्या दिवशी झाली. त्यातलं ‘हिअर आय गो’ हे जुन्या नाट्यगृहांतल्या हलक्याफुलक्या गाण्यांच्या चालीचं आहे. जोन्सच्या सांगण्यानुसार ते सिडने काही मिनिटांत लिहिलं होतं. या दोन गाण्यांत वादक सिडबरोबर एकाच खोलीत होते, त्याच्या हाताकडे बघत होते. म्हणूनच ती अल्बममधली सर्वांत सरळ चालणारी गाणी आहेत. पुढच्या आठवड्यात सिड ‘रमादान’मध्ये घालण्यासाठी मोटारसायकलचे आवाज कॅसेटवर टिपून घेऊन आला. जोन्सने त्यालाही नाही म्हटलं नाही. तो भाग शेवटी अल्बममध्ये गेलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि मग ३ मे. रॉकच्या रेकॉर्डिंगमध्ये सहसा आधी पाया घालतात. ड्रम आणि बास पक्के झाले की त्यावर गिटार, आणि सगळ्यात शेवटी गायकाचा आवाज. इथे सगळं उलटं होतं. कळस आधी बांधून झालेला आणि पाया खालून सरकवायचा. आपल्याकडच्या साथीदाराला हे काम काही अंशी ओळखीचं वाटेल. ख्यालात गायक लयीशी खेळतो, ठेक्याच्या पुढे जातो, मागे राहतो, आणि तबलजी त्याला सांभाळून घेतो. पण कितीही भटकला तरी गायक समेवर येणार हे दोघांनाही ठाऊक असतं. सम दोघांमधला करार असते. सिडच्या गाण्यात करारच नाही, कारण सम जागेवर राहत नाही. वायट आणि मंडळींनी काय केलं? त्यांनी गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्याची वळणं पाठ करायला सुरुवात केली, एखाद्या डोंगरवाटेवरचे दगड पाठ करावेत तशी. ‘नो गुड ट्रायिंग’मध्ये ड्रम क्षणभर उशिरा पोचतात ते ऐकू येतं. कीबोर्ड भोवती घुटमळतो. ही साथ अचूक नाही. पण गाणाऱ्याला सोडून ती कुठेही पुढे जात नाही, आणि त्याला ओढून सरळही करत नाही. साथ म्हणून ती पहिल्या प्रतीची आहे.

यानंतर काम जोन्सच्या हातून गेलं. सिडने गिलमोरला मदत मागितली. गिलमोर आणि फ्लॉइडचा बासवादक रॉजर वॉटर्स त्याच सुमारास ‘उमागुमा’ या आपल्या अल्बमच्या कामात होते. जोन्स बाजूला झाला आणि या दोघांनी निर्मिती हाती घेतली. गिलमोरची अवस्था या सगळ्यात सर्वांत अवघड असणार. सिड त्याचा किशोरवयातला मित्र. केंब्रिजच्या कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत दोघे गिटार घेऊन बसायचे. १९६५च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रस्त्यावर गाऊन त्यांनी पैसे मिळवले होते. आता गिलमोर त्याच मित्राच्या जागेवर उभा राहून त्याच्याच बँडमध्ये वाजवत होता, आणि रिकाम्या वेळेत त्याचा अल्बम पुरा करायला बसला होता.

वेळ फार थोडा होता. १२ आणि १३ जूनच्या दोन बैठकी आणि मग थेट २६ जुलै. जूनमध्ये ‘ऑक्टोपस’ झालं. अल्बमच्या नावातला ‘मॅडकॅप’ हा शब्द त्यातलाच. ‘गोल्डन हेअर’ही तेव्हाच नव्याने झालं. त्याचे शब्द जेम्स जॉइसच्या १९०७च्या ‘चेंबर म्युझिक’ या संग्रहातल्या कवितेचे. चाल सिडची, इतकी शांत की खोलीतली हवा थांबल्यासारखी वाटते. ‘डार्क ग्लोब’मध्ये तो आपल्या आवाजाच्या पल्ल्याबाहेरचे सूर मागतो, आवाज फाटतो, आणि तो तसाच पुढे गातो. एक गिटार आणि एक माणूस, दोन मिनिटं. यात काहीही दुरुस्त करण्याजोगं नाही. गिलमोर आणि वॉटर्सने ते जसंच्या तसं ठेवलं याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

वाद आहे तो २६ जुलैच्या गाण्यांबद्दल. त्या दिवशी सिडने काही गाणी एकट्याने, गिटार घेऊन, एकापाठोपाठ एक म्हटली. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर ‘शी टुक अ लाँग कोल्ड लुक’, ‘फील’ आणि ‘इफ इट्स इन यू’ ही तीन गाणी लागोपाठ येतात, आणि त्यांच्यामधले आवाजही ठेवलेले आहेत. वहीची पानं उलटल्याचा आवाज. सिडचं बोलणं. ‘इफ इट्स इन यू’ सुरू होतं, सूर चुकतो, थांबतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. काचेमागच्या माणसांशी तो अवघडल्यासारखा काहीतरी बोलतो, आणि मग कसंबसं गाणं होतं.

अल्बम तयार होऊन आल्यावर जोन्सने तो ऐकला आणि तो दुखावला. रागावलाही. आपल्या बैठकींतही असे चुकलेले टेक होते, ते आपण बाहेर काढले नाहीत, मग हे कशासाठी, असा त्याचा सवाल होता. माणसाची दुबळी घटका चव्हाट्यावर मांडल्यासारखं हे त्याला वाटलं. गिलमोरची बाजू अशी, की ऐकणाऱ्याला सिड खरा कसा आहे ते कळावं.

दोन्ही बाजू मनापासूनच्या आहेत. तरी निवड करायची झाली तर जोन्सचंच म्हणणं बरोबर ठरतं. ‘डार्क ग्लोब’मधला फाटलेला आवाज आणि ‘इफ इट्स इन यू’ची चुकलेली सुरुवात या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. पहिल्यात गाणाऱ्याने आवाज पणाला लावला आहे. तो फाटणं हा गाण्याचाच भाग. दुसऱ्यात गाणं अजून सुरूच झालेलं नाही. आपली चूक मुद्रित होते आहे हे त्याला माहीत होतं, ती विकली जाणार आहे हे माहीत नव्हतं. रेकॉर्डिंगच्या धंद्यात काचेच्या अलीकडे बसलेल्या माणसावर एक अलिखित विश्वास टाकलेला असतो, की दिवा बंद झाल्यावरचं तुमच्यापाशीच राहील. धडधाकट गायकाच्या बाबतीत तो विश्वास मोडला तर एक वेळ विनोद म्हणून खपेल. आजारी माणसाच्या बाबतीत तो मोडू नये. याचा अर्थ गिलमोरने दुष्टपणा केला असा मुळीच नाही. थकलेल्या मित्राने घाईत घेतलेला तो निर्णय होता, आणि नंतरची कित्येक वर्षं गिलमोर सिडशी ज्या निष्ठेने वागला ती पाहता त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागाच नाही.

मुखपृष्ठाचं छायाचित्र मिक रॉकने काढलं, लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातल्या सिडच्या खोलीत. डगी फील्ड्स हा चित्रकार त्या घरात त्याच्याबरोबर राहत होता. खोलीत सामान जवळजवळ नाही. जमिनीच्या लाकडी पट्ट्या सिडने आळीपाळीने नारिंगी आणि जांभळ्या रंगवलेल्या, आणि त्यावर तो उकिडवा बसलेला, फुलदाणीशेजारी. शिकून चित्रकारच व्हायला निघालेला हा मुलगा. ती जमीन बघितली की कळतं.

अल्बम ब्रिटनच्या यादीत चाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेला. एवढ्यावरही ईएमआयला दुसरा अल्बम करावासा वाटला. १९७०च्या फेब्रुवारीतच ‘बॅरेट’ सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये बाहेर आला. त्याची निर्मिती गिलमोर आणि फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांची. या वेळेपर्यंत गिलमोर कामाची रीत शिकला होता. तीनच मार्ग असतात, असं तो नंतर सांगायचा. सिड वाजवत असताना त्याच्याबरोबर वाजवायचं. किंवा आधी साथ मुद्रित करून त्याला तिच्यावर गायला लावायचं. किंवा त्याने एकट्याने म्हटल्यावर मागून साथ भरायची. त्यातला कोणता मार्ग आज चालेल हे त्या दिवशीच्या सिडवर अवलंबून. त्याच वर्षी ६ जूनला लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात गिलमोर आणि शर्लीच्या साथीने सिड मंचावर आला. चार गाणी झाल्यावर त्याने गिटार उतरवली आणि तो निघून गेला.

१९७४मध्ये जेनरने पुन्हा एकदा त्याला ॲबी रोडला आणलं. काही दिवस नुसते गिटारचे तुकडे मुद्रित झाले, एकही गाणं नाही. मध्येच सिड उठून बाहेर फिरायला जायचा. स्टुडिओतल्या लोकांनी तोवर एक खूण ओळखली होती. दाराबाहेर पडून तो उजवीकडे वळला तर थोड्या वेळाने परत येणार, डावीकडे वळला तर आज काम संपलं. या खुणेकडे हसून पाहता येत नाही. एका माणसाबरोबर काम करायला किती बारकाईने त्याच्याकडे पाहावं लागत होतं, ते तिच्यात दिसतं.

पुढच्या वर्षी, ५ जून १९७५ रोजी, फ्लॉइड त्याच इमारतीत सिडवरच्याच ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या गाण्याचं काम करत असताना एक जाडजूड, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. तो सिड आहे हे त्याच्या जुन्या साथीदारांना कितीतरी वेळ कळलं नाही. पुढे तो केंब्रिजला परतला, पुन्हा रॉजर झाला, चित्रं काढत राहिला, बाग करत राहिला. ७ जुलै २००६ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला. त्याच्या गाण्यांचं मानधन त्याच्यापर्यंत नीट पोचेल याकडे गिलमोरने लक्ष ठेवलं होतं. २००१मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या आपल्या मैफलीत गिलमोरने ‘टेरापिन’ गायलं, एका गिटारवर, सिडच्याच संथ लयीत.

जोन्सच्या मनातला दुसरा सल ‘ओपल’ या गाण्याचा. ११ एप्रिलच्या त्या भरभरून वाहिलेल्या संध्याकाळी मुद्रित झालेलं हे गाणं सहा मिनिटांहून थोडं मोठं आहे. सुरुवातीला निर्जन किनाऱ्यासारखी शब्दचित्रं येत राहतात, मग गिटार एकटीच बराच वेळ चालते. शेवटी आवाज परततो तेव्हा त्यात आडपडदा काहीच उरलेला नसतो. सिडने केलेल्या उत्तम गाण्यांपैकी ते एक, असं जोन्सचं ठाम मत होतं, आणि ऐकल्यावर त्याच्याशी सहमत न होणं कठीण आहे. अल्बमच्या तेरा गाण्यांत चुकलेल्या सुरुवातींना जागा मिळाली, ‘ओपल’ला मिळाली नाही. ती फीत एकोणीस वर्षं पडून होती. १९८८मध्ये उरल्यासुरल्या गाण्यांचा संग्रह निघाला तेव्हा त्याला नावच ‘ओपल’ दिलं गेलं, आणि त्यात हे गाणं सगळ्यात पहिलं आहे. त्यावर नंतर कोणीही काही वाजवलेलं नाही. ११ एप्रिलला झालं तेवढंच, एक गिटार आणि एक आवाज.